वाडा पाडण्याआधी एक फोन करा (स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयातून विनंती)

गढीवरची:
नमस्कार मंडळी. मी नाशकातच एका लहान ट्रस्टच्या संग्रहालयात क्युरेटर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथं लिहिलेलं ऑफिसात वाचतात आणि मग मीटिंगमध्ये ऐकून घ्यावं लागतं.

जुन्या नाशकात वाडे पाडायचा जो सपाटा लागलाय तो तुम्हाला दिसतोच. कुठं भावकीचं एकदाचं जमलं म्हणून बिल्डरला दिलेला, कुठं पावसात भिंत खचली म्हणून महापालिकेची नोटीस आलेली. माळे रिकामे होतात आणि मग आम्हाला फोन येतो, पण तो येईपर्यंत सामानाचे वाटे होऊन गेलेले असतात. लाकूड जुन्या बाजारात, तांबं-पितळ मोडीत आणि कागद बंबात. आमच्यासाठी काय उरतं तर एक तलवार, जिची मूठ एकीकडं आणि पातं एकीकडं. घरचे म्हणतात शिवकालीन आहे. नाशकातली प्रत्येक तलवार शिवकालीन आणि प्रत्येक समई पेशवाईतली असते असा माझा एकंदर अनुभव आहे, असो.

तलवारी आहेत हो आमच्याकडं. मला हवं असतं ते तुम्ही बंबात घालता. किराणा दुकानाची खतावणी, लग्नातल्या आहेराची यादी, भाडेकरूंच्या पावत्यांची फाइल, बाळंतिणीच्या औषधांची चिठ्ठी, शाळेच्या फीचं कार्ड. १९२० साली रविवार पेठेतल्या एका घरात महिन्याला तूप किती लागायचं आणि ते कोणाकडून उधारीवर यायचं हे कुठल्या बखरीत मिळणार नाही, ते त्या वहीतच मिळतं, आणि वही जळाली की ते घर नुसतं सातबाऱ्यावरचं नाव उरतं.

तर विनंती एवढीच की वाडा रिकामा करायच्या आधी फोन करा, नंतर नको. आमच्याकडं नाही तर दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात करा, पण करा. हलवायच्या आधी काय कुठं ठेवलं होतं त्याचे मोबाइलवर फोटो काढा. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस असेल त्यांना त्या वस्तूपाशी बसवून विचारा, हे कोणाचं, कशाला वापरायचे, आणि ते बोलत असताना रेकॉर्ड करा. पुसू नका, घासू नका, चिकटवू नका. प्रश्न असतील तर विचारा, रात्री वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

मिसळपंथी:
घासू नका म्हणजे?? आमच्या मातोश्रींनी कालच पणजीचं घंगाळ चिंच-मीठ लावून लख्ख केलंय. आता गुन्हा दाखल होणार का 😀

गढीवरची:
घरात वापरायचं असेल तर खुशाल घासू देत, त्यांचं भांडं आहे. संग्रहालयाला द्यायचं असेल तर मात्र थांबा. जुन्या भांड्यांवर काठाखाली टिंबांटिंबांनी नाव घातलेलं असतं बघा, कोणी कोणाला दिलं, कधी शक पण असतो. ती अक्षरं मुळात उथळ, त्यात पिढ्यान्‌पिढ्या राख आणि चिंच. दिसत नसेल तर खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड बाजूनं तिरका पाडा आणि फोटो काढा, पुष्कळ वेळा वाचता येतं. नाव वाचता आलं की ते घंगाळ कुठल्या लग्नात कुठून आलं इथपर्यंत पोचता येतं, आणि तेवढी माहिती असेल तर चेपलेलं घंगाळसुद्धा मी आनंदानं घेईन. बिनमाहितीचं चकचकीत घंगाळ तांबट लेनमध्ये विकत मिळतं.

एक मात्र बघा, तांब्यावर किंवा काशावर फिकट हिरवी भुकटी धरून ती हात लावला की गळत असेल तर ते भांडं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरड्या जागी ठेवा. तो नुसता गंज नाही, क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जात असतो आणि दमटपणात वाढत जातो.

रविवारकारंजा:
ताई आमच्याकडं दोन रुमाल भरून मोडी कागद आहेत. लाल कापडात बांधलेले. चुलतभाऊ म्हणतो सगळे लॅमिनेट करून घेऊ म्हणजे कायमचं काम होईल. झेरॉक्सवाला पानामागं रेट पण कमी करून देतोय

गढीवरची:
नको!! हात जोडते. गरम प्लास्टिकमध्ये कागद एकदा अडकला की तो परत मोकळा करायला तज्ज्ञसुद्धा तयार होत नाहीत. सेलोटेप पण नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा-तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो. फाटलेलं असेल तर तसंच सपाट ठेवा. आमच्याकडं फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीनं लावतात, कारण खळ पाण्यानं सुटते. उद्या कोणाला यापेक्षा चांगली रीत सापडली तर आज केलेलं काढता आलं पाहिजे, आमच्या धंद्यातला हा पहिला नियम आहे.

लाल रुमाल चांगलाच आहे, राहू द्या. फक्त वर्षातून एकदा सावलीत उलगडून बघा वाळवी किंवा कसर लागलीय का. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर पूर्ण वाळवून पातळ कापडाच्या पुरचुंडीत, थेट कागदावर नाही. डांबराच्या गोळ्या कपाट भरून टाकू नका, त्याचा त्रास किड्यांपेक्षा माणसांना जास्त होतो. स्टेपलर पिना, लोखंडी टाचण्या दिसल्या तर हळू काढा, गंजून भोकं पाडतात.

मोडीवाचक:
ताईंनी सांगितलं त्यात भर. रुमाल सोडलात तर आतले कागद ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ठेवा, प्लीज. लोक काय करतात तर सुंदर अक्षर एकीकडं, शिक्के असलेले एकीकडं, फाटके एकीकडं. एका रुमालात पन्नास वर्षांचे कागद असतील तर ते कोणीतरी काही विचारानं एकत्र बांधलेले असतात, बहुतेक वेळा एकाच जमिनीच्या भांडणाचे. क्रम मोडला की मला एकेक सुटा कागद वाचता येतो पण भांडण कळत नाही. वाचून कोण देईल असा प्रश्न असेल तर राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, त्यातून शिकलेले लोक नाशकातही आहेत. आणि आधीच सांगतो, शंभरातले नव्वद कागद कर्ज, गहाण, वतन आणि सरकारी पत्रव्यवहाराचे निघतात. गुप्तधनाचा नकाशा मला अजून कोणी आणून दिलेला नाही, विचारतात मात्र सगळे.

सिडकोकर:
स्पष्ट बोलतो राग मानू नका. म्युझियमला दिलं म्हणजे गोडाऊनमध्ये गेलं. आमच्या आजोबांनी एका संस्थेला पगडी, दौत-कलमदान आणि फोटो दिले होते, वडील बघायला गेले तर तिथल्या माणसाला माहीतच नाही की असं काही आलंय. त्यापेक्षा ऑनलाइन विकलेलं बरं, निदान घेणारा शोकेसमध्ये तरी ठेवेल

गढीवरची:
राग कशाला, असं झालेलं मी पण पाहिलंय आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते. वस्तू देताना तुम्ही काय मागायचं ते लोकांना कोणी सांगत नाही.

वस्तू आत आली की आधी आवक नोंद, त्यावर तुमची सही आणि आमची सही, आणि त्याची प्रत तुम्हाला. मग समिती ठरवते घ्यायची की परत करायची. घ्यायची ठरली तर दानपत्र होतं, त्यात मालकी संस्थेकडं गेली हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मग मुख्य रजिस्टरमध्ये नंबर पडतो. साल, त्या साली आलेली कितवी देणगी, त्यातली कितवी वस्तू, असा नंबर. तो नंबर वस्तूवर घालतात, म्हणजे आधी पारदर्शक लॅकरचा बारीक पट्टा, त्यावर शाईनं आकडे, वरून परत लॅकर, सगळं पुसता येणारं. वस्तू हरवली, फुटली, काहीही झालं तरी तो नंबर दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. तुमच्याकडं तो नंबर असेल तर पन्नास वर्षांनी नातू आला तरी कुठल्या रॅकवर आहे ते सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर चूक संस्थेची, आणि तुम्ही तसं लेखी विचारू शकता. तुमच्या आजोबांना पावती दिली असेल तर ती शोधा, खरंच. पावती सापडली तर मला मेसेज करा, पत्र कसं लिहायचं ते सांगते.

आता गोडाऊन. हो, बहुतेक वस्तू आतच असतात, जगातल्या सगळ्या संग्रहालयांत. जागा नाही हे एक कारण, पण दुसरं कारण उजेड. कापड, कागद, जुने रंग यांना पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको असा साधारण दंडक आहे, म्हणजे तुम्हाला वाटेल लाइट गेलेत काय. आणि उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. म्हणून पैठणी काही महिने बाहेर, मग आत, मग दुसरी बाहेर. शोकेसमध्ये खिडकीसमोर कायम टांगलेल्या पगडीचं काय होतं ते कोणाच्याही दिवाणखान्यात बघा.

विकायचं म्हणाल तर तुमची वस्तू तुमचा निर्णय. पण १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुन्या हस्तलिखितांना तो लागू होतो. देशाबाहेर पाठवता येत नाहीत, धंदा म्हणून विकायला परवाना लागतो, आणि मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. आणि किंमत किती येईल हे कृपया क्युरेटरला विचारू नका. आम्ही किंमत सांगत नाही, सांगूही नये. ज्यानं वस्तू घ्यायची त्यानंच भाव सांगायचा हे बरोबर नाही.

सिडकोकर:
पावती बघतो. धन्यवाद. गोडाऊनबद्दल अजून पूर्ण पटलं नाही पण ठीक

दारणाकाठ:
माझा प्रश्न नाण्यांबद्दल. शेतात ट्रॅक्टर चालवताना मडकं निघालं तर? मित्राच्या शेतात निघालं असं समजा 🙂

गढीवरची:
मित्राला सांगा मडकं आहे तिथं राहू दे आणि तहसीलला जा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांच्या वर किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. लोकांना वाटतं सरकार सगळं फुकट उचलून नेतं, तसं नाही. कोणी मालक पुढं आला नाही तर सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी कायद्यातच लिहिलीय, आणि सरकारनं ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश द्यावा लागतो. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर शिक्षा.

पण मला कायद्यापेक्षा दुसरं सांगायचंय. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांच्या वर नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. एक नाणं घेतलं तर काय कळतं, की एका राजानं दुसऱ्याच्या नाण्यावर छाप मारला. तेरा हजार एकत्र बघितली तेव्हा कळलं की अख्खं चलनच ताब्यात घेतलंय. आता पांडवलेण्यावर जा, तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीचा, त्यात ती आपल्या मुलाबद्दल, म्हणजे याच सातकर्णीबद्दल सांगते की त्यानं क्षहरात वंश निःशेष केला. नहपान क्षहरातच. डोंगरावरची आई जे म्हणते ते मडक्यातल्या नाण्यांनी खरं ठरवलं. पहिल्याच दिवशी गावात मूठ मूठ वाटून सोनाराकडं वितळली असती तर आईच्या बोलण्याला साक्ष राहिली नसती.

नाण्यांत रस असेल तर त्र्यंबक रोडला अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय बघा. नाशिककर गाड्या घेऊन पुढं त्र्यंबकला जातात आणि ते मधे आहे हे निम्म्यांना माहीत नसतं.

मिसळपंथी:
आमच्याकडं रामदरबाराचं नाणं आहे, ईस्ट इंडिया कंपनी १८१८ लिहिलेलं. व्हिडिओत दाखवतात दहा लाखाला जातं

गढीवरची:
जात नाही. कंपनीनं असं नाणं पाडलंच नाही, ते नंतर कोणीतरी विकायला केलेले टोकन आहेत. देव्हाऱ्यात ठेवा, छान दिसतं. आणि तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं म्हणून कोणी विकायला आला तर ती फसवणूक आहे, सरळ पोलिसांना फोन लावा.

पेठरोडकर:
दहा नंबरच्या लेण्याचं पण सांगा ना. मला कॉलेजात सरांनी दाखवलेलं, त्यात चक्क व्याजाचा दर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची एफडी!

गढीवरची:
हो, माझा सगळ्यात आवडता लेख! नहपानाचा जावई उषवदात. लेणं दान केलं आणि वर तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे संघांकडं, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडं दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दुसरीकडं शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज खर्चायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशोब करून बघा, महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस जणांना बारा बारा. चोख बसतो. आणि शेवटी लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं.

म्हणजे बघा, नाशिकचा एवढा मोठा पुरावा म्हणजे काय, तर दानाची पावती आणि खात्याची नोंद. म्हणूनच मी वर खतावणीसाठी एवढा जीव टाकते. फरक एवढाच की उषवदातानं दगडावर कोरली, तुमच्या आजोबांनी कागदावर लिहिली.

सराफबाजारातला:
पुराचं काय करता तुम्ही? २०१९ ला आमच्या दुकानात पाणी, २००८ ला त्याहून वाईट. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी आलं की आमच्याकडं सगळं संपलेलं असतं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की शटर खाली. जुन्या वह्या तेव्हाच गेल्या, ओल्या लगदा झालेल्या टाकून दिल्या

गढीवरची:
नदीकाठच्या कुठल्याही संग्रहालयाला ही धास्ती असतेच. मे अखेरीला खालच्या रॅकवरचं सगळं वर चढवायचं, फरशीवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, आणि आधी काय उचलायचं त्याची यादी दाराला लावलेली. त्या यादीत रजिस्टर पहिलं, वस्तू नंतर. ऐकणारे हसतात पण रजिस्टर गेलं तर उरलेल्या वस्तू अनाथ झाल्या.

पुढच्या वेळी (येऊ नये) वह्या भिजल्या तर टाकू नका. ओला कागद दोनेक दिवसांत बुरशी धरतो, तेवढाच वेळ हातात असतो. चिकटलेली पानं ओढून उघडायचा प्रयत्न करू नका, उन्हात तर मुळीच टाकू नका. थोड्या असतील तर पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद घालून, तो बदलत. खूप असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ डीप फ्रीझरमध्ये. गोठलेली वही महिनोन्‌महिने थांबते, मग सवडीनं एकेक सोडवता येते. आइस्क्रीमवाल्याशी आत्तापासून ओळख ठेवा, मी चेष्टा करत नाहीये.

प्रेसवालाकाका:
मी नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर. आमचा काही वाडा नाही, क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं. माझ्याकडं कँटीनची कुपनं, युनियनची पत्रकं, ड्रामा कॉम्पिटिशनचे फोटो, पहिल्या पगाराची स्लिप आहे. असल्या गोष्टी कोणी घेतं का की रद्दीत देऊ. मुलगा म्हणतो कचरा आहे

गढीवरची:
काका रद्दीवाल्याला हात लावू देऊ नका!! नोटा आणि तिकिटं छापणारं गाव म्हणून देशभर नाव, आणि ती छापणारी माणसं दुपारी काय खायची याचा एक कागद सहजी मिळत नाही. शिफ्ट बदलताना नाशिकरोड कसा दिसायचा, झडतीच्या रांगा, कॉलनीतली नाटकं, हे सगळं तुमच्यासोबत बसून लिहून घ्यायचंय. फक्त प्रेसच्या मालकीचं काही असेल, छपाईचे नमुने वगैरे, ते आमच्याकडं आणू नका, ते त्यांचं. तुमचं वैयक्तिक ते सगळं चालेल.

बाकीच्यांना पण सांगते, जुनं म्हणजे शंभर वर्षांचंच असं काही नाही. सिडकोचं अलॉटमेंट लेटर, सातपूरच्या कंपनीचं बंद पडायच्या आधीचं आयकार्ड, लासगावच्या, सॉरी लासलगावच्या कांदा लिलावाची पट्टी, २०१५ च्या सिंहस्थातला गाडीचा पास. पुढचा सिंहस्थ आलाच, यावेळी तरी पास फेकू नका.

भीमवाडीची नात:
सगळा धागा वाचला. छान चाललंय. पण एक बोलू का. वाडा पाडण्याआधी फोन करा म्हणताय, ज्यांचे वाडे होते त्यांच्याकडंच ट्रंका होत्या, रुमाल होते, नाव घातलेली भांडी होती. आमच्या घरात तांब्याचं भांडं नव्हतं, मडकी होती ती फुटली. लिहिणारं कोणी नव्हतं. माझी पणजी काळारामाच्या सत्याग्रहात होती असं आजी सांगते. तिची वस्तू म्हणाल तर काही नाही. मग तुमच्या रजिस्टरमध्ये ती कशी येणार?

मोडीवाचक:
फार महत्त्वाचा मुद्दा.

गढीवरची:
आजचं रजिस्टर उघडलं तर येत नाही. एका वाक्यात उत्तर हेच. कुठलंही जुनं संग्रहालय घ्या, ज्यांच्याकडं ठेवायला माळा होता त्यांचंच जास्त दिसतं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड सगळी बांधणी बघत होते, पुढं काही वर्षं तो चालला, हजारो माणसं, बाया होत्या त्यात. त्याचे कागद आहेत पण ते बरेचसे सरकारचे, पोलिसांचे, वर्तमानपत्रांचे, नाही तर पुढाऱ्यांच्या पत्रांचे. रामकुंडावर उभ्या राहिलेल्या बाईनं भाकरी कशात बांधून आणली होती, लहान लेकरू कोणापाशी ठेवलं होतं, हे त्यात येत नाही.

म्हणून वस्तू हीच नोंद असं धरून चालणार नाही. आजीचं बोलणं हीच नोंद. बसून रेकॉर्डिंग करायचं, कोण बोललं, कधी, कुठं, कोणाकडून ऐकलेलं सांगतायत, ते सगळं लिहून त्याला रीतसर नंबर पडतो, तलवारीला पडतो तसाच, त्याच रजिस्टरमध्ये. आणि दुसरी गोष्ट, घरात एखादा फोटो असेल, एखादं पत्रक, बाबासाहेबांच्या सभेला गेल्याचा बिल्ला, १९३५ च्या येवल्याच्या सभेची कोणाकडून ऐकलेली गोष्ट, तर मूळ वस्तू आम्हाला द्यायची गरज नाही. आम्ही घरी स्कॅनर घेऊन येतो, तुमच्यासमोर स्कॅन करतो, मूळ तुमच्याकडंच राहतं, प्रत तुम्हाला पण देतो. ज्या घरात एकच फोटो आहे त्या घराकडं तो मागायचा नसतो. रेकॉर्डिंग कोणाला ऐकवायचं, नाव लावायचं की नाही, हे आजी ठरवतील, तसं लेखी घेतो. नंतर मत बदललं तरी चालतं.

रविवारकारंजा:
माझ्या मनात हा विचारच आला नव्हता. धन्यवाद ताई

आर्टस्‌चा_गोंधळ:
मी टीवायला आहे, इतिहास. क्युरेटर व्हायचं असेल तर काय करावं? घरचे म्हणतात यात पैसा नाही

गढीवरची:
घरच्यांचं बरोबर आहे 🙂 लहान संस्थांत पगार कमी आणि बऱ्याचदा वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. तरी यायचं असेल तर म्युझियॉलॉजीसाठी बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ जुनं आणि चांगलं, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा डिप्लोमा आहे, पुरातत्त्वाकडं ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशकातल्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं त्याचा अहवाल वाच, खापराच्या तुकड्यांवरून गावाचं वय कसं काढतात ते कळेल. मोडी शीक. आणि सुट्टीत कुठल्याही संग्रहालयात जाऊन म्हण की रजिस्टर टाइप करून देतो. कोणी नाही म्हणणार नाही, हे काम सगळीकडं तुंबलेलं असतं.

काम कसं असतं तर निम्मा वेळ झाडू, वाळवी, वीजबिल, फंडाचे अर्ज. उरलेल्यातला अर्धा रजिस्टर. मग पाटीवरचा मजकूर, जो साठ शब्दांत बसवायचा असतो आणि विश्वस्तांना त्यात तीनशे हवे असतात. आणि शाळेच्या सहली. पोरं एकच विचारतात, हे खरं आहे का? म्हणजे डुप्लिकेट तर नाही ना. मोठी माणसं हा प्रश्न विचारत नाहीत, ते किंमत विचारतात.

पेठरोडकर:
तीर्थोपाध्यांकडच्या नामावळ्या पण तुम्ही घ्यायला हव्यात. आमच्या गुरुजींकडं आमच्या सात पिढ्यांच्या सह्या आहेत, चोपड्यांची हालत बघवत नाही

गढीवरची:
त्या घ्यायच्या नाहीत असं माझं मत आहे, सगळ्यांना पटणार नाही. त्या चोपड्या अजून चालू आहेत हो. गावाहून माणूस येतो, आडनाव-गाव सांगतो, गुरुजी पान काढतात, तो आजोबांच्या सहीखाली आपली सही करतो. संग्रहालयात आणली की त्या दिवसापासून पुढची सही बंद. त्यापेक्षा त्यांच्याच घरी चांगली कपाटं, धूळ झाडायची पद्धत, आणि त्यांची तयारी असेल तर स्कॅन. त्यात लोकांची खासगी माहिती असते आणि त्यावर गुरुजींचं पोट आहे, त्यामुळे स्कॅनसुद्धा कोणाकडं ठेवायचं हे त्यांनी सांगायचं.

प्रेसवालाकाका:
ताई मुलाला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. आता तोच म्हणतोय माझं पॉलिटेक्निकचं आयकार्ड पण द्या. शनिवारी घरी असतो, या.

गढीवरची:
येते काका. फोटोंच्या मागं पेनानं नावं लिहायला बसला असाल तर थांबा हं, पुढून उमटतं. मऊ पेन्सिलीनं, कडेला, अगदी हलकं.

भीमवाडीची नात:
आजीशी बोलले. हो म्हणाली. पण म्हणते सत्याग्रहाचं तिनं आईकडून ऐकलंय ते सांगेल, मात्र आधी स्वतःचं सांगणार, सिन्नरला विड्या वळायची तेव्हाचं. हजार विड्यांची हजारी पूर्ण झाली तरी विड्या खराब म्हणून बाजूला काढून मजुरी कशी कापायचे, ते तिला लिहून घ्यायचंय. चालेल का तुम्हाला?

गढीवरची:
चालेल काय, पळेल! विडीचं आधी, पाहिजे तेवढा वेळ. दुपारची झोप झाल्यावर येते, चारनंतर. एकच सांगून ठेवा, रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवावा लागेल, त्याचा आवाज फार येतो. आणि घरात विडीचं सूप किंवा पानं कापायची कात्री अजून असेल तर धुऊन ठेवू नका.